दातांच्या तारेचं रबर

मिटलेली असतात दोन्ही पाती,
खिशातल्या चाकूसारखी, पोटाशी घेतलेली.
बाण उडत असताना वाऱ्याला कळू नये
की इथे धार आहे.
लागलं की उघडायचं. तेवढंच काम.
त्यांना आवरून धरणारी कडी संपली होती माझ्याकडची,
दुकान चाळीस मैलांवर,
म्हणून साइमी शाळेत गेल्यावर
तिच्या डबीतून घेतली मी
दातांच्या तारेची रबरं,
बारीक, फिकट निळी.

बसली चपखल. मी स्वतःवर खूश.

कागदाच्या गिरणीत बावीस वर्षं
बेअरिंगचा आवाज ऐकून सांगत आलोय
किती दिवस उरलेत त्याचे.
पण त्या टोकाच्या बिजागरीत
गेल्या मोसमाचं रक्त वाळून बसलं होतं
आणि ते मला दिसलं नाही.
दिसलं असेल.
नंतर पुसतो, म्हटलं असेन.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार.
लेक सुपीरिअरवरून वारा थेट बाह्यांत शिरणारा,
मचाणाखाली बादलीतलं पाणी दगड झालेलं.
हरीण ओढ्याकडून आलं
आणि तिरकं उभं राहिलं.
तिरकं असताना सोडू नये बाण,
पातं बरगडीवरून घसरतं.
हे मीच सांगत असतो सगळ्यांना.

सोडला.
थप्प व्हायला हवं होतं. टक् झालं.

रात्री टॉर्च घेऊन आम्ही दोघं,
साइमी पुढे, तिचे डोळे तरणे.
भुरभुरत्या बर्फावर एक थेंब,
मग बारा पावलांवर दुसरा, मोहरीएवढा.
बाण सापडला बर्चच्या मुळाशी:
एक पातं पसरलेलं, एक तसंच मिटून,
त्याच्या गळ्यात अजून निळं रबर.
तिने ओळखलं.
बोलली नाही काही,
जिभेने आतून दात चाचपले फक्त.

माग कुंपणापर्यंत आला आणि पलीकडे गेला.
पलीकडे आर्मास कोस्कीचं रान.
सात वर्षं आम्ही एकमेकांना नुसते हेडलाइट दाखवतो,
हद्दीच्या एका दगडापायी.
"उजाडल्यावर बघू," मी म्हणालो.
"तोवर ते जिवंत असलं तर?"
याला काय उत्तर द्यायचं.
पाऊण मैल चाललो रस्त्याने, त्याच्या दारापर्यंत.

कोस्कीने दार उघडलं. बनियन, वर लोकरीचा कोट.
मला पाहिलं, मग तिच्या हातातला बाण.
बाण घेऊन दिव्याखाली धरला,
नखाने पातं ढकललं. अडलं.
पुन्हा ढकललं, तेव्हा कुरकुरत उघडलं.
"धुवायचं असतं," म्हणाला, "आणि कोरडं ठेवायचं.
तेलसुद्धा गोठतं या थंडीत. आणि हे रबर कसलं..."
थांबला. साइमी हसली होती, तारांसकट.
त्याने बूट घातले.

हरीण त्याच्या सफरचंदाच्या झाडांखाली पडलं होतं.
गेलेलं. अंगात ऊब होती अजून,
म्हणजे फार आधी नव्हतं गेलं.
हा हिशोब मी तिघांदेखत केला नाही.
टोपी काढली. कान बधिर होईपर्यंत तसाच उभा.

मग कोस्कीने मागचे पाय धरले, मी पुढचे.
कुंपणाशी आलो तेव्हा तो म्हणाला,
"जपून. इथे दगड आहे."
"माहितेय," मी म्हणालो.

आज टेबलावर जुना टूथब्रश, कोमट पाणी,
ओळीने सहा टोकं.
एकेक पातं उघडतो, मिटतो, उघडतो,
बाण बोटांवर गरकन फिरवतो,
डगमगला की बाजूला.
ते अडलेलं वेगळ्या डबीत ठेवलंय. फेकवत नाही.
साइमी सिरिअल खाता खाता विचारते,
"किती घेतली होतीस माझी रबरं?"
"सहा."
"मी मोजलीत. नऊ."
तीन तुटली, बसवताना.